पत्रा आठ बाय चारचा, भिंत आपली

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या सभासदांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. शेवटी विचारलेले काही प्रश्न आणि उत्तरेही घेतली आहेत.)



पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून आपण तळमजल्याची लॉबी आणि दोन्ही लिफ्ट नव्याने सजवायच्या म्हणतोय. नोटीस बोर्डावर ड्रॉइंग लागलं आहे. चित्र सुंदर आहे, झगझगीत स्टीलच्या भिंती आहेत. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेत हा विषय मंजुरीला येईल. त्याआधी सचिवांनी मला सांगितलं, ‘‘काका, तुम्ही बँकेत होतात, वागळे इस्टेटच्या कारखानदारांना कर्जं दिलीत, स्टीलचं काम जवळून बघितलंय. दोन शब्द बोला.’’ बँकवाल्याला दोन शब्द सांगितले की तो दोन पानं बोलतो, हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं.

माझा विषय एकच आहे, माप. रंग कुठला, चकाकी किती, नक्षी कुठली यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर चर्चा झाली. पत्रा किती लांब, किती रुंद, किती जाड यावर एकही मेसेज आला नाही. आणि पैसे वाचणार की जाणार, भिंत सरळ दिसणार की लाटा मारणार, लिफ्ट सुरक्षित राहणार की नाही, हे सगळं त्या तीन आकड्यांवर ठरतं.

तसं बघितलं तर स्टीलचं माप आपल्या घराला नवीन नाही. पितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याचा काळ संपला आणि घराघरात स्टील आलं, तेव्हा आपल्या आया भांड्यांच्या दुकानात काय करायच्या? ताट हातावर तोलून बघायच्या. चकाकी दोन्ही ताटांना सारखीच. जड ताट घ्यायचं, हलकं ठेवून द्यायचं. त्यांना गेज हा शब्द माहीत नव्हता, पण जाडी कळत होती. आज मी सांगणार आहे ते याहून फार वेगळं नाही.

या धातूची थोडी ओळख करून देतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद तयार केलं. पुढे सतरा वर्षांनी, १९३० मध्ये, न्यूयॉर्कची क्रायस्लर बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्या शिखरावर स्टेनलेस स्टीलचे पत्रे चढले. ते आजही चमकतात. तेव्हा हा माल टिकाऊ आहे यात शंका नाही. प्रश्न आपण तो कसा वापरतो याचा आहे.

पत्रा कुठल्या मापात मिळतो?

बाजारात सजावटीचा स्टीलचा पत्रा मुख्यतः आठ फूट बाय चार फूट मिळतो. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर २४३८ बाय १२१९. दहा बाय चारचाही असतो, म्हणजे ३०४८ बाय १२१९. काही मिल्सचा १२५० बाय २५०० असाही येतो. पण हेअरलाइन, लिनन, एचिंग, सोनेरी रंग अशा खास फिनिशमध्ये सगळी मापं मिळतीलच असं नाही. म्हणून फिनिश पसंत करण्याआधी ‘हा कुठल्या मापात येतो?’ हे विचारायचं.

आता आपल्या ड्रॉइंगकडे या. लिफ्टसमोरची भिंत ३६०० मिलिमीटर रुंद आहे. त्यावर ६०० मिलिमीटरचे सहा पॅनेल दाखवले आहेत. कागदावर हिशेब चोख आहे, सहा सख्खं छत्तीस. पण पॅनेल म्हणजे नुसता सपाट तुकडा नाही. त्याच्या कडा मागे दुमडाव्या लागतात. दुमडल्या नाहीत तर कड सुरीसारखी धारदार राहते, आणि आपल्याकडे लहान मुलं भिंतीला हात लावत पळतात. दुमड चारी बाजूंना साधारण १२ मिलिमीटरची धरा. दोन पॅनेलमध्ये ३ मिलिमीटरची फट धरली, तर दिसणारं पॅनेल ५९७, अधिक दोन बाजूंच्या दुमडी २४, म्हणजे कापायचा तुकडा ६२१ रुंद.

आता १२१९ रुंदीच्या पत्र्यात ६२१चे दोन तुकडे बसवून दाखवा. दोन तुकड्यांना १२४२ लागतात. तेवीस मिलिमीटर कमी पडले! म्हणजे एका पत्र्यातून एकच पॅनेल निघणार आणि ५९८ रुंदीची पट्टी बाजूला पडणार. सहा पॅनेलना सहा पत्रे. दोन विंगला बारा.

आता तेच पॅनेल ५८० मिलिमीटरचं करा. दुमडीसह ६०४. दोन तुकडे १२०८. बाजारातल्या पत्र्याची कड नेहमी अगदी काटकोनात नसते, ती छाटायला ११ मिलिमीटर शिल्लक. एका पत्र्यात दोन पॅनेल. सहा पॅनेलना तीन पत्रे, दोन विंगला सहा. बारावरून सहावर आलो. पॅनेल किती लहान झालं? सतरा मिलिमीटर. सुतार मंडळींच्या भाषेत साडेपाच सूत. लॉबीत उभं राहून कुणाला ओळखू येणार नाही.

मग भिंतीवर जागा उरेल ना? उरेल. ५८० अधिक ३ म्हणजे ५८३, त्याला सहाने गुणलं की ३४९८. भिंत ३६००. उरले १०२, म्हणजे दोन्ही कडांना ५१-५१ मिलिमीटर, दोन-दोन इंच. तिथे ग्रॅनाइटची उभी पट्टी द्या. कोपऱ्यात सायकल, सामानाची ट्रॉली, सिलिंडर नेहमी तिथेच आपटतो. दगडाची पट्टी तो मार खाईल आणि पत्रा वाचेल.

उंचीचंही असंच आहे. जमिनीपासून फॉल्स सीलिंगपर्यंत २७०० मिलिमीटर. ड्रॉइंगमध्ये पत्रा खालून वरपर्यंत सलग दाखवला आहे. त्यासाठी दहा फुटी पत्रा लागेल, म्हणजे धातू सव्वापट. त्याऐवजी खाली १५० मिलिमीटर ग्रॅनाइटची स्कर्टिंग ठेवा, वर १५० मिलिमीटरमध्ये दिव्याची पट्टी घ्या, मधे २४०० मिलिमीटरचं पॅनेल. दुमडीसह २४२४. आठ फुटी पत्र्यात आरामात बसतं.

खालच्या स्कर्टिंगचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे फरशीचे डाग काढायला ॲसिड वापरण्याची सवय आहे. हे ॲसिड आणि त्याची वाफ स्टेनलेस स्टीलचा शत्रू आहे. पत्र्यावर तपकिरी ठिपके पडतात आणि मग आपण म्हणतो, दुकानदाराने फसवलं. पत्रा जमिनीपासून सहा इंच वर असला तर फडकं आणि फेस तिथे पोचत नाही. तरीही लॉबीत ॲसिड बंद करावं लागेलच. पुसायला साधं साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं.

तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. पत्रा आपल्या भिंतीच्या मापाने येत नाही. भिंतीची आखणी आपण पत्र्याच्या मापाने करायची.

जाडी आणि तराजू

आता तिसरा आकडा. कोटेशनमध्ये लिहिलंय ‘२० गेज’. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे आधी ध्यानात घ्या. आणि २० गेज म्हणजे कुणी ०.९ मिलिमीटर धरतो, कुणी १ मिलिमीटर. इथेच वाद होतात. म्हणून ऑर्डरवर गेज लिहायचंच नाही. मिलिमीटर लिहायचं.

किती मिलिमीटर? मोठा सपाट पत्रा पातळ असेल तर तो मधे फुगतो, आत जातो, आणि दिव्याखाली भिंत पाण्यासारखी हलताना दिसते. आरशासारखी चकाकी असेल तर हा दोष दहापट दिसतो. लॉबीत मागे आधाराचा बोर्ड देऊन १ मिलिमीटरचा दुमडलेला पत्रा योग्य होईल. आधार न देता नुसत्या चौकटीवर बसवायचा असेल तर दीड मिलिमीटरचा विचार करा. नक्षीचा, म्हणजे लिनन किंवा एम्बॉस केलेला पत्रा पातळ असूनही जरा ताठ राहतो, आणि त्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडेही कमी दिसतात.

आता आपण १ मिलिमीटर मागवला आणि ०.९चा आला, तर कसं कळणार? डोळ्यांना कळत नाही. मायक्रोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर वजनकाटा आहे. स्टेनलेस स्टीलचा हिशेब सोपा आहे. लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला ७.९३ ने गुणा. उत्तर किलोमध्ये येतं. हा आकडा ३०४ ग्रेडचा आहे. आठ बाय चारचा १ मिलिमीटरचा पत्रा साधारण साडेतेवीस किलो भरला पाहिजे. एकवीस किलो भरला तर तो ०.९चा आहे. मिलच्या मालात थोडा फरक चालतो, पण अडीच किलोचा फरक म्हणजे थोडा नाही. बँकेत आम्ही सोनं तारण घेताना दागिन्याची कलाकुसर बघत नव्हतो, वजन आणि कस बघत होतो. इथेही तेच.

कसाचं म्हणाल तर ऑर्डरवर ग्रेड लिहून घ्या, ३०४. यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातला २०२ दिसायला तसाच असतो, पण त्यात महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. आपल्या ठाण्याच्या पावसाळी, दमट हवेत त्यावर डाग लवकर पडू शकतात. पुष्कळ जण चुंबक घेऊन जातात. चुंबक घट्ट चिकटला तर तो ४३० ग्रेडसारखा निकेल नसलेला पत्रा असू शकतो. पण चुंबक चिकटला नाही म्हणून तो ३०४ ठरत नाही, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. म्हणून मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं आणि त्यावरचा हीट नंबर मालाशी ताडून बघायचा. आपल्याकडे या पत्र्यांसाठी भारतीय मानक आयएस ६९११ आहे. त्याचा उल्लेख ऑर्डरवर असू द्या.

लिफ्टमध्ये उभी असलेली न दिसणारी माणसं

आता मी ज्या मुद्द्यासाठी खरं तर उभा राहिलो त्याकडे येतो. लॉबीत चूक झाली तर पैसे जातील. लिफ्टमध्ये चूक झाली तर प्रश्न पैशाचा राहत नाही.

आपली लिफ्ट सहा माणसांची आहे. पाटीवर लिहिलंय ४०८ किलो. माणशी ६८ धरून सहा माणसं. केबिन आतून साधारण ११०० रुंद, १००० खोल आणि २२०० उंच. तीन भिंतींचं क्षेत्रफळ पावणेसात चौरस मीटरच्या आसपास होतं.

ड्रॉइंगप्रमाणे या तीन भिंतींना १२ मिलिमीटरचा प्लाय, त्यावर १ मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा आणि खाली १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट. बेरीज करू या. पत्र्याचे साधारण ५४ किलो. प्लायचे ५० ते ५५ किलो. ग्रॅनाइटचे आणखी ५३ किलो. सगळे मिळून १६० किलोच्या घरात. १६० भागिले ६८ किती? सव्वादोन ते अडीच. म्हणजे न दिसणारी दोनाहून अधिक माणसं रात्रंदिवस आपल्या लिफ्टमध्ये उभी राहणार. ती कुठल्याच मजल्यावर उतरणार नाहीत.

लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असतं. रिकाम्या केबिनचं वजन अधिक पूर्ण भाराच्या साधारण निम्मं, असा त्याचा तोल बसवलेला असतो. केबिन जड केली आणि तोल तसाच ठेवला, तर मोटरवर, ब्रेकवर, दोरांवर जादा ताण येतो. पंचवीस वर्षांच्या लिफ्टला हा ताण द्यायचा का? आणि तो तोल नव्याने जुळवायचं काम सजावटवाल्याचं नाही, लिफ्ट कंपनीच्या इंजिनिअरचं आहे. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा केबिनमध्ये असा बदल करण्याआधी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं लेखी मत घ्यायचं आणि लिफ्ट निरीक्षकांच्या परवानगीची प्रक्रिया पूर्ण करायची. आधी काम आणि मग कागद, असं नको.

मग लिफ्ट सजवायचीच नाही का? सजवायची. फक्त माप बदलायचं. प्लाय नको. जुना सनमायका आणि त्यामागचं लाकूड काढून टाका, तेवढं वजन आधी कमी होईल. मूळ लोखंडी भिंतीवर ०.८ मिलिमीटरचा लिनन पत्रा. तीन भिंतींचे ४३ किलो. खाली ग्रॅनाइट नको, न घसरणारं व्हिनाइल फ्लोअरिंग घाला. काढलेलं आणि घातलेलं वजन मांडून तो कागद लिफ्ट कंपनीला द्या. बँकेत जमा आणि खर्च जुळवतो तसं हे जुळलं पाहिजे.

लिफ्टमधल्या पॅनेलची विभागणीही विचार करून करू. मागची भिंत ११०० बाय २२००. एक सलग पॅनेल केलं तर सांधा दिसणार नाही हे खरं, पण एवढा तुकडा ७०० मिलिमीटरच्या दारातून आत फिरवताना वाकणार. आणि उद्या कुणाच्या कपाटाचा कोपरा लागून खाली पोचा पडला, तर पूर्ण भिंत बदलावी लागेल. त्यापेक्षा ९०० आणि १३०० असे दोन भाग करा. दुमडीसह ११२४ बाय ९२४ आणि ११२४ बाय १३२४. दोन्हींची उंची मिळून २२४८. एकाच आठ बाय चारच्या पत्र्यातून दोन्ही निघतात. आणि सांधा येतो जमिनीपासून ९०० मिलिमीटरवर, नेमका जिथे आधाराचा दांडा बसवायचा तिथे. दांड्यामागे सांधा झाकला जातो, हाताला आधार मिळतो, आणि पोचा पडला तर खालचा तुकडा तेवढा बदलता येतो. मागच्या भिंतीचा वरचा भाग आरशासारख्या चकाकीचा घेतला, तर व्हीलचेअर उलटी बाहेर काढताना मागचं दिसतं. शोभेला शोभा, उपयोगाला उपयोग.

व्हीलचेअरचा विषय निघालाच आहे म्हणून दाराचं सांगतो. दाराची मोकळी रुंदी ७०० मिलिमीटर. घडीच्या व्हीलचेअरची बाहेरून रुंदी साधारण ६०० ते ६५०. म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच-दहा सेंटीमीटर. ड्रॉइंगमध्ये चौकटीच्या आतल्या अंगालाही प्लाय आणि पत्रा वळवला आहे. दोन्ही बाजूंचे १३-१३ म्हणजे २६ मिलिमीटर गेले. दार राहिलं ६७४. ज्यांच्या घरात व्हीलचेअर आहे त्यांना हा एक इंच काय आहे ते विचारा. बोटांची पेरं सोलून निघतात. आज आपल्या दोन विंगमध्ये अशी तीन घरं आहेत. रौप्यमहोत्सवापासून सुवर्णमहोत्सवापर्यंत जाताना ती किती होतील, ते समोर बसलेल्या पांढऱ्या केसांकडे बघून तुम्हीच ठरवा. चौकटीला पत्रा फक्त बाहेरच्या तोंडावर. आतल्या अंगाला एक मिलिमीटरही नको.

माप कसं घ्यायचं

काही गोष्टी भराभर सांगतो.

टेप एकच वापरायची आणि आकडे फक्त मिलिमीटरमध्ये. फूट, इंच आणि सूत यांची मिसळ करायची नाही.

भिंतीची रुंदी खाली, मधे आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायची. आपल्या भिंती ओळंब्यात असतीलच असं नाही. तिन्हींतलं सर्वांत लहान माप धरायचं. दोन्ही कर्णही मोजायचे. कर्ण सारखे नसतील तर भिंत काटकोनात नाही.

माप प्लास्टर आणि फरशीचं काम झाल्यावर घ्यायचं, आधी नाही.

सातही मजल्यांच्या लिफ्टच्या चौकटी वेगवेगळ्या मोजायच्या. एका मजल्याचं माप घेऊन सातांचे पत्रे कापायचे नाहीत. प्रत्येक तुकड्यामागे मार्करने लिहायचं, ए-४, बी-६ असं.

हेअरलाइनच्या रेषा पत्र्याच्या लांबीच्या दिशेने असतात. पॅनेल आडवं फिरवून पत्रा वाचवायचा मोह झाला, तर शेजारच्या दोन पॅनेलचा रंग वेगळा दिसेल. फिल्मवर बाण असेल तर सगळ्या पॅनेलचे बाण एकाच दिशेला.

दोन पॅनेलमधली ३ मिलिमीटरची फट बुजवायची नाही. तापमान ३० अंशांनी वाढलं तर २४०० मिलिमीटरचा ३०४चा पत्रा सव्वा मिलिमीटर वाढतो. आपल्या लॉबीवर दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट येतं. पत्र्याला वाढायला जागा नसेल तर तो फुगणार.

प्लास्टिकची फिल्म काम संपलं की लगेच काढायची. उन्हात महिनोन् महिने राहिली तर तिचा गोंद पत्र्याला धरून बसतो.

आणि शेवटचं, एकाच लॉटचा एक पत्रा जास्त घेऊन ठेवायचा. रंगीत पत्र्यात पुढच्या लॉटची छटा जुळेलच याची खात्री नसते.

आता एकूण बेरीज. लॉबीला सहा, दोन लिफ्टना तीन-तीन म्हणजे सहा, झाले बारा. एक जादा धरून तेरा. ड्रॉइंगप्रमाणे लॉबीचे बारा धरले तर अठरा आणि एक एकोणीस. आणि लॉबीला दहा फुटी घेतले तर त्याहून जास्त. हा दुरुस्ती निधी आपल्या मासिक वर्गणीतून जमलाय. पहिल्या मजल्यावरच्या पेन्शनरनेही त्यात तेवढाच वाटा भरलाय.

कोटेशन घेताना दोन प्रश्न लेखी विचारा. दर दिसणाऱ्या क्षेत्रफळावर आहे की लागलेल्या पत्र्यावर? आणि उरलेला तुकडा कोणाचा? ज्याने पैसे भरले त्याचा असेल, तर त्यातून बटणांच्या भोवतीच्या पट्ट्या, दाराच्या ढकलपट्ट्या निघतील.

सभेतले काही प्रश्न

*प्रश्न : काका, स्टीलपेक्षा ॲल्युमिनियमचे एसीपी पॅनेल हलके आणि स्वस्त नाहीत का?*

हलके आहेत. पण साध्या एसीपीच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीनचा गाभा असतो आणि तो जळतो. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये आग लागली तेव्हा बाहेरच्या अशाच पॅनेलमुळे ती झपाट्याने वर पसरली. लॉबी हा आपला पळून जाण्याचा रस्ता आहे. तिथे जळणारं काही नको. स्टील जळत नाही, पण मागचा साधा प्लाय जळतो, हेही विसरू नका. म्हणून लॉबीत पत्र्यामागे सिमेंट बोर्ड, नाहीतर आयएस ५५०९ चा आगरोधक प्लाय मागायचा.

*प्रश्न : सोनेरी रंग टिकतो का? आमच्या घरात सगळ्यांना सोनेरीच हवाय.*

चांगल्या पत्र्यावर तो रंग साधा लावलेला नसतो. निर्वात भट्टीत टायटॅनियमच्या संयुगाचा अतिशय पातळ थर बसवलेला असतो. टिकतो. पण तो घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही. ओरखडा पडला की पत्राच बदलायचा. म्हणून हात पोचतो तिथे साधा स्टीलचा रंग आणि वरच्या पट्टीत सोनेरी, अशी तडजोड घरात सुचवून बघा. तडजोड हे सोसायटीचं दुसरं नाव आहे.

*प्रश्न (एका छोट्या सभासदाचा) : आजोबा, पत्रा आठ बाय चारचाच का असतो? नऊ बाय पाचचा का नाही?*

फार चांगला प्रश्न. मोठ्यांपैकी कुणी विचारला नाही. बाळा, कारखान्यात पत्रा लांबच लांब लाटला जातो आणि त्याची मोठी गुंडाळी करतात, चटईसारखी. गुंडाळीची रुंदी ठरलेली असते, बहुतेक चार फूट. आठ फुटांवर कापली की आठ बाय चार. म्हणजे लांबी आपल्याला हवी तशी कापून मागता येऊ शकते, पण रुंदी नाही. आज मी तासभर जे सांगितलं ते तुझ्या प्रश्नात आलं बघ. रुंदी आपल्या हातात नाही, म्हणून आखणी रुंदीपासून सुरू करायची.

तर सभासदहो, माझी कमिटीला आणि सभेला एवढीच विनंती आहे. ठरावात नुसतं ‘स्टेनलेस स्टील क्लॅडिंग’ असं लिहू नका. ग्रेड, जाडी मिलिमीटरमध्ये, पॅनेलचं माप, पत्र्यांची संख्या, आणि लिफ्टच्या बाबतीत वजनाचा तक्ता व लिफ्ट कंपनीचं लेखी पत्र, हे सगळं ठरावाला जोडा. जोडलं असेल तर माझा हात पहिला वर होईल. नसेल तर मी विरोधात मत देईन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांबरोबर नेहमीसारखा चहा घेईन.

वडे थंड होताहेत.

— एक ज्येष्ठ सभासद, बी विंग
(निवृत्त बँक अधिकारी)